आमच्या घरचे पदक आणि त्याची कड



आमच्या घरी देव्हाऱ्यात एक पदक आहे. ते पितळेसारखे पिवळे दिसते आणि जुन्या रुपयापेक्षा मोठे आहे. ते माझ्या आजोबांच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते असे घरात सगळे सांगतात. दरवर्षी खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्याबरोबर पदकाचीही पूजा होते. पदकावर पंख असलेली एक बाई उभी आहे. आजीला ती देवीच वाटते, म्हणून ती रोज तिला हळदकुंकू लावते. ते बसून बसून पदकाच्या कडेला लाल काळा थर झाला होता.

परिसर अभ्यासात गुरुजींनी सांगितले, घरातली एक जुनी वस्तू निवडा आणि तिची माहिती मिळवा. मी पदक निवडले.

गुरुजींनी आधी पदक हातात घेऊन निरखून पाहिले. मग म्हणाले, "ही देवी नाही, विजयाची मूर्ती आहे. याला विजय पदक म्हणतात. जिंकलेल्या देशांनी आपापल्या सैनिकांना असे पदक दिले. प्रत्येक देशाची मूर्ती थोडी वेगळी." पाठीमागे पानांच्या माळेत इंग्रजीत लिहिलेय, त्याचा अर्थ संस्कृतीसाठी झालेले महायुद्ध, १९१४ ते १९१९. मी विचारले, युद्ध तर १९१८ ला संपले ना? गुरुजी म्हणाले, लढाई थांबली १९१८ च्या नोव्हेंबरात, पण जर्मनीशी तह झाला १९१९ मध्ये. या पदकाची फीत दोन इंद्रधनुष्ये शेजारी शेजारी ठेवल्यासारखी असते, मध्ये तांबडा रंग. आमची फीत केव्हाच विरून गेली. आता कडीत काळा करगोटा ओवलेला आहे.

खरी गंमत पुढेच आहे. गुरुजी म्हणाले, "कडेवर बघ. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण त्या कडेवर कोरलेली असते."

घरी येऊन मी कड मऊ फडक्याने आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने हळूहळू पुसली. आई म्हणाली चिंच लाव. पण गुरुजींनी चिंच आणि राख दोन्ही नको म्हणून बजावले होते, कारण घासून अक्षरे झिजतात. अक्षरे फार बारीक आहेत. मग मला एक युक्ती सुचली. आई भाकरी पोळ्या करत होती, तिच्या कणकेचा एक गोळा घेऊन लांब केला आणि त्यावर पदक गाडीच्या चाकासारखे फिरवले. कणकेवर अक्षरे उठली, पण सगळी उलटी! मग आरसा आणून वाचली. आईने कणीक वाया घालवली म्हणून रागावले, ती गाईला घातली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सोपी रीत दाखवली. खडूची भुकटी बोटाने कडेवर चोळायची, वरची पुसून टाकायची. खाचेत पांढरे राहते आणि भिंगाखाली सरळ वाचता येते. तुम्हाला करायचे असेल तर हीच रीत करा, कणीक नको.

वाचले ते असे. आधी चार आकडी नंबर. मग शिपाई असा हुद्दा, इंग्रजीत. मग नाव. शेवटी ११४ मराठाज.

मला एकदम वाईट वाटले. कारण आमच्या घराला गावात सुभेदाराचे घर म्हणतात. दारावर पाटी आहे, सुभेदार निवास. फौजेत शिपायाच्या वर लान्स नाईक, मग नाईक, मग हवालदार, मग जमादार आणि त्याच्या वर सुभेदार. जमादाराला आता नायब सुभेदार म्हणतात. म्हणजे किती पायऱ्या! मी दोन दिवस आजोबांना सांगितलेच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. नंतर म्हणाले, "नाव तरी आपलंच आहे का बघ. तशा नावाची माणसं गावोगाव असतील."

ते खरे होते. इंग्रजीत नाव वेगळेच लिहिलेय, आणि आडनाव तर नाहीच.

मग आम्ही सिन्नरला आजोबांच्या आत्याकडे गेलो. ती खापरपणजोबांची धाकटी मुलगी. वय नव्वदच्या पुढे आहे, दिसते कमी पण बोलते खणखणीत. मी पदक तिच्या हातात दिले. तिने ते चाचपले आणि विचारले, "दुसरं कुठंय? चांदीचं?"

तेव्हा कळले की पदके दोन होती! दुसऱ्यावर एका बाजूला राजाचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार होता. गुरुजींनी नंतर सांगितले, ते ब्रिटिश युद्ध पदक, लढणाऱ्या सैनिकांना ते चांदीचे मिळे. १९७२ च्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. माणसे खडी फोडायला जात, मिलो आणि सुकडी खात. तेव्हा आजोबांच्या वडिलांनी दोन्ही पदके सराफाकडे नेली. चांदीचे वितळले. पिवळ्याचे काही येत नाही म्हणून सराफाने ते परत दिले. आजोबा तेव्हा तरुण होते, त्यांना हे माहीत होते, पण आम्हाला कधी सांगितले नव्हते. आमचे पदक उरले ते त्याला किंमत नव्हती म्हणून.

मी आत्याला म्हटले, "तुमच्या वडलांचा फौजेतला नंबर आठवतो का?" मला वाटले नाहीच आठवणार. पण ती लगेच फौजी हिंदीत पाढ्यासारखा नंबर म्हणाली. लहानपणी वडील तिला मांडीवर बसवून तो म्हणायला लावत. मी कणकेवरून उतरवलेला कागद काढला. चारही आकडे तेच! आजोबांनी तो कागद माझ्याकडून घेतला आणि खिशात ठेवला, अजून दिलेला नाही. नंबर इथे लिहिणार नाही, आजोबा म्हणाले तो घरातला आहे.

सुभेदाराचे विचारले तर आत्या हसली. ते युद्धावरून आल्यावर बूट घालून, काठी बगलेत धरून गावात फिरत आणि मुलांना ओळीत उभे करत, म्हणून लोक सुभेदार म्हणू लागले. त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही. लढाईचेही सांगत नसत. सांगत ते आगबोटीचे, खजुराचे, माश्यांचे आणि थंडीचे.

आता ११४ मराठाजविषयी. ही पलटण मेसोपोटेमियात लढली. त्या देशाला आता इराक म्हणतात. तिथे टायग्रिस नावाची मोठी नदी आहे. बगदाद ११ मार्च १९१७ ला घेतले. ऑक्टोबर १९१८ मध्ये याच नदीकाठी शरकत येथे शेवटची मोठी लढाई झाली. ३० ऑक्टोबरला तिथले तुर्की सैन्य शरण आले आणि त्याच दिवशी तुर्कस्तानशी युद्धबंदीचा करार झाला. शरकतला ११४ मराठाजला शौर्याची २८ पदके मिळाली. विजय पदकावर लढाईचे नाव नसते, ते रणभूमीवर गेलेल्या सगळ्यांना मिळे. १९२२ मध्ये पलटणींची नावे बदलली आणि ११४ मराठाज ही बेळगावला शिकाऊ सैनिकांची पलटण झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र अजून बेळगावलाच आहे.

गुरुजींनी आणखी एक सांगितले ते मला सगळ्यात लक्षात राहिले. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठे स्मारक उभारले. तिकडे मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते आहे. गोऱ्या शिपायांची नावे भिंतीवर कोरली. हिंदी अंमलदारांची कोरली. पण हिंदी शिपायांची नावे नाहीत, कोणत्या पलटणीचे किती मेले तो आकडाच आहे. खापरपणजोबा परत आले म्हणून त्यांचे नाव निदान पदकाच्या कडेवर तरी आहे.

आजी आता हळदकुंकू मूर्तीच्या पायाशी थोडेच लावते, कडेला लावत नाही. दारावरच्या पाटीचे मात्र अजून ठरले नाही. आत्या म्हणते राहू द्या. आजोबा म्हणतात, रंग उडाला की बघू.

— इयत्ता चौथी