रोम पाहायचं तर पाण्याच्या मागून जा

अंबाजोगाई

चि. भाचीस,

रोमला जायचं तुझं ठरतंय, याचा मनापासून आनंद आहे. पण दहा दिवसांत पाच राजधान्या दाखवणारी जी सहल तू निवडू पाहतेस, तिला माझा विरोध आहे. एकटं रोम पाहा. आणि तेही बीड जिल्ह्यातला माणूस जन्मभर मनात बाळगतो तो प्रश्न घेऊन पाहा: या गावाला पाणी कुठून येतं? प्रश्न साधा आहे, पण रोमच्या इमारती, शिल्पं, चित्रं या एका धाग्यात नीट ओवली जातात.

निघण्याआधी बीडजवळची खजाना बावडी पुन्हा एकदा सावकाश बघ. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, 1582च्या सुमारास, सलाबतखानानं ती बांधवली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत यावं आणि पुढं शेतांकडं वाहावं, अशी तिची रचना. दुष्काळातही ती तळ दाखवत नाही, अशी तिची ख्याती. आता हे साल लक्षात ठेव. 1585 ते 1587 या काळात रोममध्ये पोप पाचवा सिक्स्टस डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी नवी वाहिनी बांधून शहराच्या उंच, कोरड्या भागात आणत होता. एकाच दशकात दोन मुलुखांतले कारभारी एकाच विवंचनेत होते. हे डोक्यात ठेवून गेलीस तर रोम तुला परकं वाटणार नाही आणि दिपवूनही टाकणार नाही.

रोमची खरी गोष्ट मात्र त्याच्या दीड हजार वर्षं आधीची आहे. इसवी सनापूर्वी 19 साली अग्रिप्पानं ‘अक्वा व्हिर्गो’ ही वाहिनी शहरात आणली. ती बहुतेक जमिनीखालून जाते. 537 साली गॉथांनी वेढा घालून शहराच्या वाहिन्या तोडल्या आणि उंचावरच्या वस्त्या कोरड्या पडल्या. पुढच्या शतकांत माणसं टेकड्या सोडून टायबर नदीच्या वळणाशी गोळा होत गेली. पाणी तुटलं की गाव कसं हलतं, हे मराठवाड्याला सांगायला नको. 2016 साली मांजरा धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अक्वा व्हिर्गो मात्र पुन्हा पुन्हा दुरुस्त होत टिकली. 1762 साली पुरं झालेलं ट्रेव्हीचं कारंजं याच वाहिनीच्या पाण्यावर उभं आहे. तिथं लोक नाणं टाकतात, छायाचित्र काढतात आणि निघतात. तू मात्र तिथं वाहिनीचा शेवट पाहते आहेस हे ध्यानात ठेव, आणि अशा वाहिन्यांचा थाट कळावा म्हणून शहराच्या आग्नेयेला असलेल्या जलवाहिन्यांच्या उद्यानात एक सकाळ घालव. इसवी सन 52मध्ये पुऱ्या झालेल्या अक्वा क्लॉडियाच्या कमानी तिथं शेतातून चालत गेल्यासारख्या दिसतात.

तू म्हणशील, मग कलेचं काय? कला पाण्यापाठोपाठच येते. पियाझ्झा नावोनात बेर्निनीचं 1651 सालचं चार नद्यांचं कारंजं आहे. नाईल, डॅन्यूब, ला प्लाटा आणि आपली गंगा. तिथली गंगा मात्र दाढीवाला पुरुष आहे, हातात लांब वल्हं घेतलेला. आपण जिला माय म्हणतो तिला रोमच्या शिल्पकारानं ज्या रूपात कल्पिलं, त्यापुढं अर्धा तास उभी राहा. दगडात अंग कसं वळतं, पाणी दगडाला कसं हलतं करतं, हे तिथं कळेल. आणि सिस्टिन चॅपेलमध्ये मान वर करशील तेव्हा मायकेलअँजेलोनं 1508 ते 1512मध्ये रंगवलेल्या छतावर जलप्रलयाचं दृश्य शोध. पाण्याचं वरदान पाहून झाल्यावर त्याचा कोपही पाहायला हवा.

दुसरी हरकत घरातूनच येईल आणि ती हलकी नाही. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथल्या मुलीनं हौसेखातर युरोपला जावं का? मला वाटतं, जावं, पण ही जाणीव गावात ठेवून नव्हे, बरोबर घेऊन. कारण रोमच्या पाण्यामागंही असंच राबणं आहे. 97 साली फ्रॉन्टिनस रोमच्या पाण्याचा अधिकारी म्हणून नेमला गेला. वाहिन्यांच्या देखभालीसाठी सातशे गुलाम राबत होते, आणि कर्मचारीच चोरून नळ जोडून पाणी विकत होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. बेर्निनीचं कारंजं उभं राहत होतं तेव्हा शहरात धान्याची टंचाई होती आणि कारंजं नको, पाव द्या, अशा अर्थाचे निषेधाचे कागद लागले होते. ज्यानं टँकरची रांग पाहिली आहे त्याला हे समजायला वाटाड्या लागत नाही. म्हणूनच मला वाटतं, ही कमानींची नगरी पाहण्याचा हक्क आणि नजर तुझ्याकडं इतरांपेक्षा जास्त आहे.

पाच राजधान्यांबद्दल एवढंच, की “एकदाच जायचंय, तर सगळं पाहू” हा हिशेब उलटा आहे. एकदाच जायचं असेल तर एकच जागा मनात मुरेल असं जावं. पाच शहरांच्या सहलीत दिवसाचे कितीतरी तास बसमध्ये आणि हॉटेलात सामान आवरण्यात जातात.

जेवणाची चिंता करू नकोस. काचो ए पेपे हा रोमचा पदार्थ म्हणजे शेवया, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि मिरी. शेवया शिजवलेलं पाणीच त्या चीजला मऊ, दाट करतं. पण तू कडक शाकाहारी असशील तर विचारून घे: पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या अर्कानं विरजतात. त्याऐवजी यहुदी वस्तीतले तळलेले आर्टिचोक खा, कोरडा पिझ्झा बियांका खा. आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस. 1874पासून रस्त्यांवर ‘नासोनी’ नावाचे ओतीव लोखंडी नळ लागत गेले; आज ते अडीच हजारांच्या आसपास आहेत, पाणी फुकट आणि पिण्याचं. रिकामी बाटली बरोबर ठेव, किंवा तोटीचं तोंड बोटानं बंद कर, की वरच्या भोकातून पाणी वर उडतं आणि ओंजळ न धरता पिता येतं.

तुझा
मामा