प्रश्नावली आपल्याला मोजते. आधी आपण प्रश्नावली तपासू या



वर्षभरात आपल्या दारात किती जण कागद नाहीतर टॅब घेऊन येतात, जरा आठवून बघा. कधी आशाताई, कधी अंगणवाडीताई, कधी कॉलेजची मुलं, कधी आपल्याच सीआरपी ताई. पाणी कुठलं पिता, बाळाचं लसीकरण झालं का, घरात ताप कुणाला आला होता? आपण सांगतो, ते लिहून घेतात. पुढे त्यावरूनच ठरतं की या गावातल्या बायकांना आरोग्याची माहिती किती आहे आणि प्रशिक्षण कशाचं द्यायचं. ग्रामसंघ गावाचा आराखडा करून ग्रामसभेत मांडतो, तेव्हाही अशीच माहिती हाताशी असते.

दुकानातल्या काट्यात पासंग असेल तर आपण गप्प बसत नाही. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. प्रश्नावली हा पण एक काटाच आहे. तो नीट मोजतो की नाही हे कसं ओळखायचं, ते या धड्यात शिकू.

मोजायचं काय?

आरोग्य साक्षरता म्हणजे फक्त लिहिता-वाचता येणं नव्हे. आरोग्याची माहिती मिळवता येणं, समजणं, खरी-खोटी पारखता येणं आणि वापरता येणं, या चार गोष्टी त्यात येतात. २०११ साली युरोपातल्या आठ देशांत सुमारे आठ हजार लोकांना ४७ प्रश्न विचारले गेले. जवळपास निम्म्या लोकांची आरोग्य साक्षरता कमी पडते असं दिसलं. तिथं शाळा शिकलेली माणसं भरपूर आहेत, तरीही! म्हणून कमी गुण पडले की कुणाला लगेच 'अडाणी' म्हणू नये.

सार्वजनिक आरोग्य साक्षरता त्याच्या एक पाऊल पुढे जाते. इथं 'मी आणि माझं घर' एवढंच पाहत नाहीत, सगळी वस्ती पाहतात. २००९ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी तिचे तीन भाग सांगितले: मूळ गोष्टींची समज, माहिती पारखून वापरण्याचं कसब आणि गावासाठी काही करण्याची तयारी. डेंग्यूचंच घ्या. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. "तुम्ही रांजण कोरडा करता का?" हा घरापुरता प्रश्न झाला. "तुम्ही केला, पण शेजारच्या चार घरांनी नाही केला, तर काय होईल?" हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न.

प्रश्नावलीच्या पाच परीक्षा

१. विचारलं तेच समजलं का? "तुम्ही स्वच्छ पाणी पिता का?" असं विचारलं की बहुतेक जणी "हो" म्हणतात. कारण पाणी नितळ दिसतं, फडक्यानं गाळलेलं असतं. विचारणाऱ्याच्या मनात मात्र टीसीएल टाकून निर्जंतुक केलेलं पाणी असतं. म्हणून प्रश्न वाचून झाला की बाईला म्हणायचं, "ताई, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा." दहातल्या चार जणींनी वेगळंच सांगितलं तर प्रश्न बदलायचा. परक्या भाषेतून आलेल्या प्रश्नांना हे जास्तच लागू आहे. अशा वेळी एकीनं मराठीत केलेलं भाषांतर, मूळ न पाहता, दुसरीकडून परत त्या भाषेत करून घेतात आणि अर्थ हरवला का ते ताडून पाहतात. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या बायकांसाठी पुस्तकी मराठीची पण अशीच तपासणी हवी.

२. जे मोजायचं तेच मोजतो का? ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. प्रश्नावली हातात देऊन "भरा" म्हटलं, तर वाचन मोजलं जातं. न शिकलेल्या आजीला जुलाबावर काय करायचं हे पक्कं ठाऊक असतं, पण तिचा कागद कोराच राहतो. मग तोच प्रश्न मोठ्यानं वाचून विचारावा.

दुसरा धोका असा. युरोपातल्या त्या प्रश्नावलीत "हे तुम्हाला किती सोपं किंवा अवघड वाटतं?" असं विचारलं होतं. जिनं कधी करून पाहिलं नाही, तिलाही ते सोपं वाटू शकतं. म्हणून बोलण्याबरोबर कृतीही पाहावी. "ओआरएस महत्त्वाचं आहे ना?" याला सगळ्या हो म्हणतील. त्याऐवजी ओआरएसचं पाकीट आणि दोन-तीन भांडी समोर ठेवून "करून दाखवा" म्हणा. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात टाकलं का? केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं, हे सांगितलं का? प्रश्नावलीत जास्त गुण मिळवणाऱ्या बायका इथं पण बरोबर करत असतील, तर प्रश्नावलीवर भरवसा ठेवता येतो.

अमेरिकेत २००५ साली अशी एक छोटी चाचणी निघाली. त्यात आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात देऊन सहा प्रश्न विचारतात. कल्पना चांगली आहे, पण आपल्या गावात आइस्क्रीमच्या लेबलापेक्षा ओआरएसचं पाकीटच बरं.

३. पुन्हा मोजलं तर तेच येतं का? बाळाला काट्यावर दोनदा ठेवलं आणि दोन्ही वेळा वेगळं वजन आलं, तर आपण काट्याला दोष देतो, बाळाला नाही. तसंच त्याच बायकांना साधारण दोन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारायचे. दुसऱ्याच दिवशी विचारलं तर आधीची उत्तरं आठवतात. खूप उशीर केला तर मधल्या काळात नवीन माहिती मिळालेली असते. विचारणारी बाई बदलली तरी निकाल फार बदलू नये. आशाताईंसमोर एक उत्तर आणि सीआरपी ताईंसमोर दुसरं येत असेल, तर ते का, ते शोधायचं.

४. प्रश्न एकमेकांना धरून आहेत का? एकाच विषयावरचे प्रश्न एका दिशेनं जायला हवेत. हे मोजायला अभ्यासक क्रॉनबॅक यांचा 'अल्फा' हा आकडा वापरतात. तो १९५१ सालापासून प्रसिद्ध आहे. बहुतेक वेळा तो ० ते १ च्या मध्ये येतो, आणि ०.७ किंवा जास्त आला तर साधारणपणे चालतं. पण एक मेख आहे. तोच प्रश्न शब्द फिरवून दहा वेळा विचारला तरी हा आकडा वाढतो. म्हणून नुसत्या आकड्यावर भुलायचं नाही.

५. प्रश्न फरक दाखवतो का? समजा, गटात बारा जणी आहेत. एका प्रश्नाला बाराही जणींनी बरोबर उत्तर दिलं, किंवा बाराही चुकल्या. त्या प्रश्नानं कुणाला किती कळतं यातला फरक दाखवलाच नाही. थोडे सोपे, थोडे मधले, थोडे अवघड असे प्रश्न हवेत. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून "हो हो" म्हणायची सवय पण असते. त्यावर उपाय म्हणजे काही प्रश्न उलटे घालायचे. उदाहरणार्थ, "जुलाब झाले की पाणी कमी पाजावं, बरोबर का?" इथंही "हो" आलं, तर ती सवय आहे की खरंच गैरसमज आहे, हे पुढे बोलून समजून घ्यायचं.

पुढच्या मासिक बैठकीत हे करा

कुठल्याही आरोग्य सर्वेक्षणातले पाच प्रश्न घ्या. एकीनं वाचायचे, बाकीच्यांनी आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा. किती जणींनी एकच अर्थ लावला, ते वहीत लिहा. पंधरा दिवसांनी त्याच पाच प्रश्नांची उत्तरं पुन्हा घ्या आणि किती बदलली ते मोजा. नावं लिहू नका. कुणाला उत्तर द्यायचं नसेल तर आग्रह नको, आणि चुकलेल्या उत्तरावर हसू नका. शेवटी बरोबर उत्तर सगळ्यांनी मिळून आशाताईंकडून समजून घ्या.

आणि यापुढे कुणी प्रश्न विचारायला आलं, तर आपणही तीन गोष्टी विचारू: ही माहिती कशासाठी घेताय? हे प्रश्न आमच्यासारख्या बायकांवर आधी तपासलेत का? निकाल आम्हाला कधी सांगाल? यात उद्धटपणा नाही. चुकीच्या प्रश्नावरून ठरलेलं प्रशिक्षण आपला दिवस आणि मजुरी दोन्ही खातं, आणि ज्याची खरी गरज होती ते राहूनच जातं.

तुमच्या गटाला जो प्रश्न अवघड किंवा दोन अर्थांचा वाटला, तो सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या सर्वेक्षणाआधी ते सगळे प्रश्न आपण प्रभागसंघाच्या बैठकीत मांडू.

— तुमची क्षेत्र समन्वयक