फाइलीचे लांब नाव आणि लिनक्सचे माप

तालुक्याच्या गावी विंडोज संगणकावर तयार झालेल्या याद्या पेनड्राइव्हवर घेऊन शिक्षक आपल्या शाळेत परततो आणि शाळेतील लिनक्स संगणकावर त्या उतरवू लागतो. बहुतेक फाइली सुखरूप उतरतात. एखादीपाशी मात्र काम अडते व नाव फार लांब असल्याची सूचना पडद्यावर येते. घाईत ‘वगळा’ ही कळ दाबली जाते, उरलेले काम पुरे होते आणि पेनड्राइव्ह पुसून कोरा केला जातो. राहिलेली यादी नेमकी गरजेच्या दिवशी आठवते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. अशा दिवसांत ती यादी पुन्हा आणणे सोपे नसते, आणि शिष्यवृत्तीची मुदत तर पुरासाठी थांबत नाही.

या दोषाचे खापर सहसा पेनड्राइव्हवर फोडले जाते. कोणी तो फॉर्मॅट करतात, म्हणजे उरलीसुरली माहितीही घालवितात. खरे कारण मोजमापात आहे.

लिनक्सवर सामान्यतः वापरली जाणारी एक्स्ट४ ही फाइलव्यवस्था एका नावास २५५ बाइट जागा देते. रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरी चिन्हास यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणून देवनागरी नावास जेमतेम ८५ चिन्हांची जागा उरते. विंडोजमध्ये ही मोजणी बाइटांनी होत नसल्यामुळे तेच नाव तेथे बिनतक्रार चालते.

येथे ‘चिन्ह’ म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व निरनिराळी मोजली जातात. ‘विद्यार्थ्यांची’ हा शब्द दिसावयास चार अक्षरांचा. संगणकास तो पंधरा चिन्हांचा, अर्थात् ४५ बाइटांचा आहे. जोडाक्षरे फोडून दाखविण्याचा हा पाठ फळ्यावर घेतला, तर मुलांनाही त्याची गंमत वाटेल.

आता हे नाव पाहावे : ‘इयत्ता सातवीच्या शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांची शाळानिहाय अंतिम दुरुस्त यादी भामरागड तालुका गडचिरोली जिल्हा’. अक्षरे पंचेचाळीस, चिन्हे अठ्ठ्याण्णव. शब्दांमधील अकरा मोकळ्या जागा व शेवटचे ‘.पीडीएफ’ (रोमन लिपीत चार बाइट) धरून बेरीज ३०९ होते. लिनक्स ते नाकारणारच. ‘सातवी शिष्यवृत्ती यादी भामरागड’ हे नाव मात्र त्याच हिशेबाने ८८ बाइटांत बसते, आणि त्यात ओळखण्याजोगे काहीही गमावलेले नाही. कार्यालयीन विषयाची अख्खी ओळ नावात कोंबण्याची सवयच येथे अंगाशी येते.

सूचना आली की ‘वगळा’ न दाबता ‘रद्द करा’ दाबावे. पेनड्राइव्हवरील फाइलीचेच नाव आखूड करावे व नंतर ती उतरवावी. दोन्हीकडील फोल्डरांच्या गुणधर्मांत फाइलींची संख्या दिसते. ती जुळेपर्यंत पेनड्राइव्हवरील काहीही पुसू नये.

झिप केलेल्या फाइलींबाबत थोडी निराळी अडचण आहे. झिपचे नाव बदलल्याने आतील नावे बदलत नाहीत. ती जेथे तयार झाली त्या संगणकावर आखूड करून झिप पुन्हा बांधून घेता येते. काही जुन्या उबुंटू संगणकांवर घरफोल्डर सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवलेला असतो. तेथे मर्यादा १४३ बाइटांची, म्हणजे देवनागरी चिन्हे अवघी ४७.