दोन पांथशाळा

प्रवास म्हटला की मुक्काम आलाच. पूर्वी वाटसरू धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत रात्र काढीत. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली; पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेचा जलमार्ग हजारो मैलांनी आखूड झाला. मुंबईत पाहुण्यांची रीघ लागली.

याच सुमारास जॉन वॉटसन नावाच्या व्यापाऱ्याने काळा घोडा भागात एक भव्य हॉटेल बांधले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजांनी आणून येथे जोडण्यात आला. या हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखविली गेली. त्यांत स्थानकात शिरणारी आगगाडी होती, तशीच पाडली जाणारी भिंतही होती. मुंबईतील अशा खेळांपासून स्फूर्ती घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कॅमेरा मिळविला आणि १८९९ मध्ये एका कुस्तीचे चित्रण केले.

पुढे हॉटेल बंद पडले. भव्य दालनांच्या लहान लहान खोल्या झाल्या. डागडुजी होईना. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. ती पाडावी असे काही तज्ज्ञ म्हणाले. ती वाचविता येईल असे इतरांनी सांगितले.

न्यूयॉर्क शहरात १७१९ साली बांधलेले एक घर आहे. १७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सेस याने तेथे पांथशाळा उघडली. स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तेथेच आपल्या अधिकाऱ्यांचा साश्रु निरोप घेतला. ही वास्तूही आगींनी होरपळली, मोडकळीस आली. परंतु १९०४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांच्या एका संस्थेने ती विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९०७ पासून तेथे संग्रहालय सुरू झाले.

काळाने दोन्ही वास्तूंना सारखेच झिजविले. एकीला वेळीच कैवारी मिळाले. दुसरीच्या वाट्याला प्रदीर्घ उपेक्षा आली. वास्तू केवळ विटा-लोखंडावर उभी राहत नाही. तिची आठवण जपणाऱ्या माणसांच्या आधारावर ती उभी राहते.

शब्दार्थ : पांथशाळा – वाटसरूंना उतरण्याची जागा, ओवरी – देवळाभोवतालची पडवी, कैवारी – बाजू घेणारा.

स्वाध्याय
१. मुंबईत पाहुण्यांची रीघ का लागली?
२. दोन्ही वास्तूंत साम्य कोणते? भेद कोणता?
३. ठाणे-कल्याण परिसरातील एखाद्या जुन्या धर्मशाळेची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.