दोन बोटं कमी पडणारा दोर



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९.

सध्या दिवाळी चालू आहे, त्यामुळे आज पोस्टला उशीर झाला. खरं तर या महिन्यात रोजच होतोय. घरात अडीच महिन्यांचं बाळ आहे. दसऱ्याला ही माहेराहून बाळाला घेऊन आली आणि आमच्या घरातलं घड्याळच बदललं. दर दोन-अडीच तासांनी दूध, मग ढेकर, मग लंगोट, मग झोपवणं. हे सगळं होईपर्यंत पुढच्या दुधाची वेळ!

दरवर्षी कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा मी काकड आरतीला जातो. या वर्षी ते जमणार नव्हतं, म्हणून संकल्प केला की पहाटे घरीच दशम स्कंधातला एक अध्याय वाचायचा. हिशोबाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी सोळाव्या अध्यायावर असायला हवा होतो. होतो नवव्यावर. मागे पडल्याची चिडचिड मनात होतीच.

त्या दिवशी पहाटे साडेचारला मी देवघरापाशी बसलो आणि आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. हिने हाक मारली, "अरे, जरा घेतोस का याला?" मी म्हटलं, "वाचतोय गं, दहा मिनिटं." आणि उठून दार लोटून घेतलं. हो, मी दार लोटलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितोय.

आता तो अध्याय काय सांगतो ते बघा.

घरातल्या दासी दुसऱ्या कामात आहेत, म्हणून यशोदा स्वतः ताक घुसळायला बसली आहे. कृष्ण येतो, रवी धरून ठेवतो. त्याला भूक लागलीये. ती त्याला मांडीवर घेऊन पाजायला लागते, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. ती त्याला अर्धपोटीच खाली ठेवून धावते. कृष्ण चिडतो, दह्याचं मडकं फोडतो, उखळावर बसून माकडांना लोणी वाटतो. यशोदा छडी घेऊन मागे लागते, शेवटी त्याला पकडते आणि उखळाला बांधायला बघते. दोर दोन बोटं कमी पडतो. ती दुसरा जोडते, तरी दोन बोटं कमी. घरातले सगळे दोर जोडून झाले, तरी तेवढंच अंतर. गोपी हसायला लागतात. शेवटी कृष्ण आईकडे बघतो. ती घामाने भिजलीये, केस सुटलेत, ती पार दमलीये. ते बघून तो स्वतःच बांधून घेतो.

मी इथपर्यंत आलो आणि लक्षात आलं की बाहेर आता दोघांचं रडणं ऐकू येतंय.

दार उघडलं. ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, गाऊनवर दुधाचे डाग, मांडीवर बाळ. ती एवढंच म्हणाली, "मला नाही जमत आहे रे."

मित्रांनो, जिच्याकडे बघून पोथीतला देव विरघळला, तीच आई माझ्या घरात समोर बसली होती. आणि मी तिचं वर्णन नीट वाचता यावं म्हणून दार लोटून बसलो होतो.

वैष्णव आचार्य त्या दोन बोटांचा अर्थ फार सुंदर सांगतात. एक बोट भक्ताच्या कष्टाचं, दुसरं देवाच्या कृपेचं. दोन्ही जुळली तर गाठ बसते. माझा अध्यायांचा हिशोब हाही एक दोरच होता. सोळा झाले असते तरी तो दोन बोटं कमीच पडला असता, कारण कष्ट दुसरंच कोणी उपसत होतं.

आणखी एक गोष्ट. यशोदा भुकेल्या कृष्णाला खाली ठेवून दुधाकडे धावली. त्याबद्दल भागवत तिला नावं ठेवत नाही. उलट पुढे म्हणतं की तिला मिळालेली कृपा ब्रह्मदेवाला, शंकराला, अगदी लक्ष्मीलाही मिळाली नाही. आपण 'चांगली आई नाही' असं ज्या आईला रात्री तीन वाजता वाटतं, तिने हे जरूर वाचावं. तीही एकटीच होती, तिच्याकडूनही दूध उतू गेलं, तिच्याही घरात मडकी फुटली.

दाम म्हणजे दोर, उदर म्हणजे पोट, त्यावरून कृष्णाचं नाव पडलं दामोदर. कार्तिक महिन्याची देवता हाच दामोदर. म्हणजे या महिन्यात आपण ज्याची पूजा करतो, तो दमलेल्या आईने बांधलेला देव आहे.

मग आम्ही काय केलं? मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि ही नऊ वाजेपर्यंत झोपली. आईला फोन केला, "या वर्षी पाडव्याला घरी येणं जमणार नाही, आणि आम्ही कोणाला बोलवतही नाही." आई दोन सेकंद गप्प. मग विचारलं, "जेवताय का नीट?" संध्याकाळी लक्ष्मीपूजन दहा मिनिटांत उरकलं. लाह्या-बत्तासे, दोन पणत्या, दुकानातल्या चकल्या. बाहेर फटाके वाजले की बाळ दचकत होतं, म्हणून खिडक्या बंद करून मी त्याला छातीशी धरून बसलो. आरती हळू आवाजात म्हटली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काल रात्रीही आम्ही लंगोटांवरून भांडलो. अध्याय अजून मागेच आहेत. पण दार आता लोटत नाही.

आज करून बघण्यासारखं :

१. घरात लहान बाळ असेल तर रात्रीची एक पाळी बाबाने ठरवून घ्यावी. "सांग, मी करतो" नको. न सांगता उठायचं.

२. मित्राकडे बाळ बघायला जाताय? जेवणाचा डबा न्या, अर्ध्या तासात निघा.

३. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण उदासपणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा. यात भक्ती कमी पडली असं काही नसतं.

४. नेम मोडला तर बाळाला झोपवताना नाम घ्या. मी तेच करतोय. अंगाई म्हणून विठ्ठलनाम छान चालतं!

प्रार्थना : हे दामोदरा, माझा दोर आखूड आहे, हे तुला माहीत आहे. ज्यांचे कष्ट मला दिसत नाहीत, त्यांच्याकडे बघायला शिकव. उरलेलं एक बोट तुझ्याकडे.

उद्या अध्याय १०, यमलार्जुनाची कथा. बाळाने झोपू दिलं तर!

राम कृष्ण हरी.