आधी तारीख विचार

चि. मृणाल,


तू पाठवलेला त्या कबड्डीपटूच्या गुडघ्याचा एमआरआय रिपोर्ट वाचला. ‘ग्राफ्टमध्ये सिग्नल वाढलेला, अंशतः फाटल्याची शक्यता’ असं लिहून मोकळी झालीस. पण ऑपरेशन होऊन किती महिने झाले, ते कुठेच नाही. फॉर्मवर नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहून येतं, ठाऊक आहे मला. म्हणून काय झालं? उठायचं आणि पेशंटला विचारायचं.

एसीएलच्या जागी बसवलेला टेंडन सुरुवातीला काळाच दिसतो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी बदलतात आणि तो करडा, पांढुरका होत जातो. सहाव्या महिन्यातला पांढुरकेपणा हा बहुतेक वेळा या बदलाचाच भाग असतो. साधारण वर्ष-दोन वर्षांत ग्राफ्ट पुन्हा काळा पडतो. हॅमस्ट्रिंगच्या चौपदरी ग्राफ्टमध्ये पदरांच्या फटीत द्रव साचूनही पांढरी रेघ उमटते, तिलाही फाटणं म्हणू नये. तंतूंचा सलगपणा तुटलाय आणि मधल्या जागेत टी-२ वर द्रवासारखी पांढरी फट आहे, असं दिसलं तरच तो शब्द वापर. नडगीचं हाड पुढे सरकलेलं असेल तर शंका आणखी बळावते.

टनेल बघायला विसरू नकोस. गुडघा सरळ असताना नडगीतल्या टनेलचं वरचं तोंड ब्लुमेनसाट रेषेच्या मागे हवं. ते पुढे असेल तर ग्राफ्ट नॉचच्या छताला घासतो. पाय पूर्ण सरळ होत नाही अशी तक्रार असेल तर ग्राफ्टच्या पुढच्या बाजूला सायक्लॉप्सची गाठ शोध. धातूचा स्क्रू असेल तर फॅट-सॅचरेशनवर भरवसा ठेवू नकोस, टेक्निशियनकडून स्टर (STIR) सिक्वेन्स घेऊन ठेव. अशा गुडघ्याला ३ टेस्लापेक्षा १.५ चं मशीन बरं.

आणि तो कबड्डीपटू ‘मॅडम, खेळू ना आता?’ म्हणाला तर एमआरआयच्या जोरावर हो म्हणू नकोस. काळा ग्राफ्ट म्हणजे मजबूत ग्राफ्ट, असं ठरवता येत नाही. लॅकमन तपासणी सर्जनच्या हातात आहे, मांडीची ताकद फिजिओ मोजेल. ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापतीचा धोका बराच जास्त असतो, एवढं मात्र त्याला जरूर सांग.

आज त्याच्या सर्जनला फोन करून ऑपरेशनची नोट मागव आणि रिपोर्टला सुधारित पुरवणी जोड. त्याच्या घरी ‘फाटलं’ हा शब्द पोचला असेल, तर फोन सकाळीच कर.

तुझी,
आत्या