अपघातानंतरचे चोवीस तास

उसाच्या हंगामात संगमनेर-सिन्नर रस्त्याने सायंकाळनंतर मोटार चालविणाऱ्यास एक धास्ती नेहमी असते. पुढे चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी नसते, आणि अंधारात ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समजा, अशा एका ट्रॉलीवर एका माध्यमिक शिक्षकाची मोटार मागून आदळली. शेजारी बसलेल्या सहकारी शिक्षकाचा पाय मोडला, मोटारीचा पुढचा भाग चेपला, ट्रॉलीचे मात्र फारसे काही बिघडले नाही. पाच मिनिटांत गर्दी जमते. कोणी जखमीस उचलून बसविण्याचा प्रयत्न करतो, कोणी मोटार कडेला ढकलू लागतो, तर एखादा वडीलधारा "आपसांत मिटवून टाका, पोलिसांची भानगड नको" असा सल्ला देतो. ट्रॉलीचा मालक पाच हजार रुपये काढून देतो. "आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही" असे कागदावर लिहून दोघे सह्या करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीला नवी कोरी तांबडी पट्टी लागते. आठवड्याने गॅरेजचे अंदाजपत्रक हाती येते, ते ९४ हजार रुपयांचे असते. आणि सहकाऱ्याच्या पायावर शस्त्रक्रिया करावी लागणार असल्याचेही कळते.

प्रसंग कल्पित आहे. तथापि तालुक्याच्या ठिकाणी काम केलेल्या कोणासही त्यात अपरिचित असे काही आढळणार नाही. यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता. परंतु पहिल्या अर्ध्या तासात जे करावयाचे होते ते राहिले आणि जे टाळावयाचे होते ते घडले.

प्रथम जखमी व्यक्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ ने चालकावर टाकलेले पहिले कर्तव्य जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे आहे. जमावाचा क्षोभ किंवा चालकाच्या आवाक्याबाहेरील अन्य कारण असेल तेवढीच सूट कायदा देतो. अशा वेळी चालकाने पळून न जाता जवळच्या पोलीस ठाण्यात हजर व्हावे, हे अभिप्रेत आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते; ११२ हा सर्व प्रकारच्या आपत्कालीन मदतीचा, तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांसाठीचा क्रमांक आहे. मानेस वा पाठीस इजा झाल्याची शंका असेल, तर वाहनास आग लागण्याचा किंवा दुसरे वाहन येऊन आदळण्याचा धोका असल्याखेरीज जखमीस हलवू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालण्याची आपल्याकडील सवय तर सर्वस्वी त्याज्य आहे.

मदत करणारा मागे सरतो तो बहुधा साक्षीपुराव्याच्या भीतीने. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली व २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. जखमीस सद्भावनेने रुग्णालयात पोहोचविणाऱ्या व्यक्तीवर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, व तिच्या इच्छेविरुद्ध तिचे नाव-पत्ता मागता येत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि पोलीस पाटलांनी ही एवढी एक गोष्ट रस्त्यालगतच्या हॉटेलवाल्यांना व दुकानदारांना समजावून सांगितली तरी तिचा उपयोग होईल. अपघातानंतर प्रथम धावून येतात ते हेच लोक.

उपचाराच्या खर्चाबाबतही स्थिती बदलली आहे. ५ मे २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करतानाच तेथे या योजनेची चौकशी करावी.

जागेवरचा पुरावा

जखमीची व्यवस्था लागली की लगेच जागेची नोंद व्हावयास हवी. वाहने हलविण्यापूर्वी झाली तर उत्तम. दोन्ही वाहने एका चौकटीत येतील अशी, नंबर स्पष्ट वाचता येतील अशी, रस्त्यावरील टायरच्या खुणा व फुटलेल्या काचा दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत. आज बहुतेकांच्या खिशात भ्रमणध्वनी असल्याने हे काम दोन मिनिटांचे आहे. वाहतूक खोळंबत असेल व वाहने हलविणे भागच असेल, तर चाकांच्या जागा खडूने वा दगडाने दाखवून मग हलवावीत. समोरील चालकाचे नाव, परवान्याचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव व दोन साक्षीदारांचे दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावेत. चालकाने ही माहिती दिली नाही तरी वाहनाचा नंबर पुरतो. त्यावरून मालक व विमा यांचा शोध लागतो.

वरील प्रसंगात खरा प्रश्न ट्रॉलीच्या पाठीमागील दिव्याचा होता. मागून आदळणाऱ्या वाहनाचीच चूक, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ट्रॉली अंधारात दिव्याविना चालली होती, हे दाखविणारे एखादे छायाचित्र वा पंचनाम्यातील एक ओळ त्या गृहीतकास छेद देऊ शकली असती. पट्टी लागल्यानंतर ते सिद्ध करणे अतिशय कठीण. म्हणून पंचनामा होत असताना चालकाने किंवा त्याच्या माणसाने तेथे हजर राहावे व दिवे, परावर्तक, रस्त्यावरील खड्डा अशा बाबींची नोंद करण्याची विनंती करावी.

पोलीस जागेवर आले नाहीत, तर चालकाने शक्य तितक्या लवकर व कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर द्यावयाची असते. विमा कंपनीस विमापत्राचा क्रमांक, अपघाताची वेळ व स्थळ, जखमींची नावे व चालकाचा तपशील लेखी कळविणे हेही त्याच कलमान्वये चालकाचे कर्तव्य आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत व तपशीलवार अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणास पाठवावयाचा असतो. पुढे भरपाईचा दावा उभा राहतो तो याच कागदांवर.

आता त्या तडजोडीविषयी. विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने चूक कबूल करू नये, कोणास पैसे देऊ नयेत वा देण्याचे वचन देऊ नये, अशी अट प्रचलित विमापत्रांत असते. सह्या करून दिलेला कागद विमा कंपनीच्या हाती नकाराचे कारण देतो. जखमी सहकाऱ्याचे हक्क मात्र त्या कागदाने जात नाहीत, कारण त्याने सही केलेलीच नाही. दोन चालकांच्या एकत्रित चुकीमुळे तिसरी व्यक्ती जखमी झाल्यास ती दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो, तसाच अर्जदार जेथे राहतो तेथेही करता येतो. २०२२ पासून त्यास सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी मुदतीच्या आत अर्ज करणे हेच सुरक्षित. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच न लागल्यास मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे.

ओघानेच येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीतून वा मालाच्या टेम्पोतून नेण्याची प्रथा अजून पुरती मोडलेली नाही. मालवाहू वाहनातून फुकट वा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे न्यायालयांचे निर्णय आहेत. अपघात झाल्यास तो बोजा वाहनमालकाच्या जमीनजुमल्यावर पडतो. ग्रामसभेत हा विषय एकदा तरी निघावा.

मोटार गॅरेजात जाण्यापूर्वी

चेपलेली मोटार चालवीत घरी नेण्याचा मोह बहुतेकांस होतो. रेडिएटर फुटला असता वा तेलाची टाकी गळत असता इंजिन सुरू केले, तर ते जाम होते, आणि ही वाढीव हानी अपघाताची नव्हे, निष्काळजीपणाची मानून विमा कंपनी नाकारते. मोटार टोचन करून किंवा क्रेनने उचलूनच न्यावी. खाजगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात या खर्चापोटी १५०० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. वाहन पोलिसांनी तपासणीसाठी नेले असेल, तर कोठे नेले हे मालकास कळविणे व औपचारिकता पूर्ण झाल्यावर ते २४ तासांत परत करणे कलम १३६ नुसार अपेक्षित आहे. गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेले वाहन न्यायालयाकडून सुपूर्तनाम्यावर मिळते. अशी वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी एकही पत्रा सरळ करू नये, हा नियम कसोशीने पाळावा. मोटार उघडल्यावर आतील मोडतोड दिसते. तेव्हा गॅरेजने पुरवणी अंदाजपत्रक द्यावे व सर्व्हेअरने पुन्हा पाहावे. काढलेले जुने भाग अंतिम पाहणीपर्यंत टाकून देऊ नयेत. फुगलेल्या एअरबॅग बदलाव्याच लागतात. त्यांच्या जागी नुसते झाकण बसवून देणारे महाभागही आढळतात, तेव्हा बिलात भागाचा क्रमांक पाहावा.

"विमा आहे, म्हणजे सगळे पैसे मिळतील" हा समज खरा नव्हे. सुट्या भागांवर घसारा वजा होतो. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवर तो वाहनाच्या वयानुसार वाढत जातो: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, तीन ते चार वर्षांच्या मोटारीवर २५ टक्के, दहा वर्षांनंतर ५० टक्के. शिक्षकाची मोटार साडेतीन वर्षांची आहे व ९४ हजारांत धातूचे भाग ४० हजार, प्लॅस्टिकचे १८ हजार, काच ९ हजार, मजुरी १५ हजार आणि रंगकाम १२ हजार आहे, असे धरू. धातूवर १० हजार व प्लॅस्टिकवर ९ हजार वजा होतील. रंगकामातील चौथा हिस्सा, म्हणजे ३ हजार, सामानाचा मानून त्याचा निम्मा भाग दीड हजार वजा होईल. दीड हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारीस १००० रुपयांची सक्तीची वजावट आहे. एकूण साडेएकवीस हजार रुपये शिक्षकाने भरावयाचे व साडेबहात्तर हजार कंपनीने. घसारा न कापण्याचे जादा संरक्षण आधी घेतले असेल तर हा भार बराच हलका होतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास मात्र मोटार पूर्णतः नष्ट झाल्याचे मानून हिशेब होतो.

किरकोळ ओरखड्यासाठी दावा करावा काय, हा प्रश्न वेगळा. दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढती सूट मिळते, आणि एका दाव्याने ती शून्यावर येते. मूळ हप्ता ८ हजारांवर स्थिर धरल्यास ५० टक्क्यांवर पोहोचलेल्या मालकाचे पुढील पाच वर्षांत अनुक्रमे ४०००, २४००, २०००, १२०० व ४०० असे दहा हजार रुपये जातात. चार हजारांचे डेंटिंग-पेंटिंग खिशातून करणेच त्यास परवडते.

दावा फेटाळला जातो तो पुष्कळदा अपघातापूर्वीच्या चुकीमुळे. २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे "विमा चालू आहे" या समजुतीत स्वतःच्या नुकसानीचा एका वर्षाचा विमा संपून गेलेला असतो. जुनी मोटार घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावे करून घेतला नाही, तर त्रयस्थांचे संरक्षण टिकते, पण मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत. चालक परवान्याबाबतचा एक जुना वाद मात्र मिटला आहे. ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

कंपनीचा निर्णय पटला नाही, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी व प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, तेथे शुल्क लागत नाही व वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. सोबत खबरीची प्रत, पंचनामा, छायाचित्रे, गॅरेजची दोन्ही अंदाजपत्रके व कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार जोडावा.